‘गॅरंटीड’ दहा हजार श्रोते: स्वतंत्र गायक-संगीतकारांना गंडवतात ते असं

गाणं शुक्रवारी स्पॉटिफायवर येतं आणि रविवारपर्यंत इन्स्टाग्रामच्या रिक्वेस्टमध्ये मेसेज येऊन पडलेला असतो. ‘भाऊ, ट्रॅक कडक आहे, फक्त पोहोचत नाहीये.’ पाठोपाठ प्लेलिस्टचे स्क्रीनशॉट, प्रत्येकीला पन्नासेक हजार फॉलोअर. मग दरपत्रक: इतक्या रुपयांत दहा हजार स्ट्रीम, ‘हंड्रेड पर्सेंट ऑरगॅनिक’, काम झालं नाही तर पैसे परत. हाच मजकूर त्याच दिवशी कोळीगीतवाल्याला, अभंगाला गिटार लावणाऱ्या बँडला आणि पुण्यातल्या एखाद्या रॅपरलाही गेलेला असतो. गाणं मेसेज पाठवणाऱ्याने ऐकलेलं नसतं. खात्री करायची असेल तर दुसऱ्या कडव्याआधी कोणतं वाद्य वाजतं ते विचारावं. उत्तरादाखल बहुधा अंगठा येतो.

यात पैसे जातात हे सगळ्यांना कळतं. त्याहून मोठं नुकसान उशिरा लक्षात येतं: खरा श्रोता कुठे आहे आणि कोण आहे, हे सांगणारी एकमेव खूण पुसली जाते.

व्यवहार कसा होतो ते पाहू. निम्मे पैसे आगाऊ, यूपीआयने, कोणत्या तरी व्यक्तीच्या नावावर. कंपनीचं खातं नाही, बिल नाही. जीएसटी क्रमांक मागितला तर ‘आम्ही छोटे लोक आहोत’ हे उत्तर ठरलेलं. दोन दिवसांत आलेख उभा चढतो. कलाकार खुशीत त्याचा स्क्रीनशॉट स्टोरीवर टाकतो, आणि तोच स्क्रीनशॉट पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला वापरला जातो. उरलेले निम्मे पैसे याच टप्प्यावर मागतात, कारण आकडा अजून खाली आलेला नसतो.

स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. म्हणून बॉट (माणसाऐवजी गाणं आपोआप वाजवणारे प्रोग्रॅम) गाणं तीसेक सेकंद वाजवतात आणि पुढे जातात. हे पकडायला तंत्रज्ञ व्हावं लागत नाही, ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’ हे कलाकाराला आकडेवारी दाखवणारं अ‍ॅप नीट उघडता आलं तरी पुरे. आधी शहरं बघावीत. मराठी गाण्याला मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर दिसणार, मग बेंगळुरू, दुबई, लंडन, न्यू जर्सीही दिसेल, कारण आपली माणसं तिथे आहेत. पण पहिल्या पाचांत हेलसिंकी, फ्रँकफर्ट आणि अमेरिकेतलं अ‍ॅशबर्न दिसू लागलं तर समजावं. अ‍ॅशबर्न आणि फ्रँकफर्ट ही सर्व्हरच्या गोदामांची गावं आहेत. तिथे एवढे मराठी रसिक एका आठवड्यात जन्माला येत नाहीत.

मग श्रोते आणि स्ट्रीम यांचं प्रमाण. दहा हजार स्ट्रीम आणि श्रोते नऊ हजार आठशे, म्हणजे जवळजवळ कोणीही दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. उलट, दहा हजार स्ट्रीम आणि श्रोते साठ, म्हणजे प्रत्येकाने दीडशेहून जास्त वेळा ऐकलं. दोन्ही माणसाची लक्षणं नव्हेत. सेव्हचा आकडा तर सगळ्यात बोलका. हजारो स्ट्रीम आणि सेव्ह दहा-बारा असतील, तर गाणं कोणी आपल्या लायब्ररीत ठेवलेलंच नाही. शेवटी स्ट्रीम कुठून आले तो तक्ता पाहावा. श्रोत्याची स्वतःची लायब्ररी, कलाकाराचं प्रोफाइल, इतरांच्या प्लेलिस्ट असे रकाने असतात. सगळा भार ‘इतरांच्या प्लेलिस्ट’वर आणि त्यातही दोन-तीन प्लेलिस्टवर असेल तर त्या उघडून बघाव्यात. वर तुमचं भावगीत, खाली ब्राझिलचा डान्स ट्रॅक, त्याखाली झोपेसाठी पावसाचा आवाज. खऱ्या माणसाने बनवलेल्या प्लेलिस्टला काहीतरी चव असते.

त्या खिचडीतच खरं विष आहे. कोणती गाणी एकत्र ऐकली जातात, यावरून स्पॉटिफायची शिफारस यंत्रणा गाण्यांची सोयरीक जुळवते. बॉटने तुमचं गाणं पावसाच्या आवाजाशेजारी हजारो वेळा वाजवलं की यंत्रणेला तेच तुमचं घराणं वाटतं. पुढचं गाणं ती चुकीच्या लोकांपुढे ठेवते, ते पाच सेकंदांत पुढे ढकलतात, आणि यंत्रणा आणखी हात आखडते. तुमच्या प्रोफाइलवर ‘चाहत्यांना हेही आवडतं’ या रांगेत भलतीच नावं दिसू लागली तर रोग आत शिरलाय.

पैशाचा हिशेबही उलटा बसतो. 2024 पासून ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 स्ट्रीम नाहीत, त्याला स्पॉटिफाय मानधन देत नाही. हाच उंबरठा दाखवून दलाल घाबरवतात: ‘हजार पार करून देतो.’ पण बनावट ठरलेले स्ट्रीम मोजणीतून काढले जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. शिवाय बनावटगिरी उघड असेल तर त्या गाण्यामागे वितरकाला (कलाकाराचं गाणं स्पॉटिफायवर पोहोचवणाऱ्या कंपनीला) दंड लागतो, आणि अनेक वितरक तो कलाकाराच्या खात्यातून वळता करतात. गाणं उतरवलं जातं ते वेगळंच. ‘मला माहीत नव्हतं, एजन्सीने केलं’ हे स्पष्टीकरण वितरकाकडे फारसं चालत नाही, कारण जबाबदारी खातेदाराची.

अमेरिकेत सप्टेंबर 2024 मध्ये एका माणसावर बॉटच्या जोरावर एक कोटी डॉलरहून जास्त मानधन लाटल्याचा आरोप ठेवला गेला. पकडलं जाऊ नये म्हणून त्याने ते स्ट्रीम हजारो गाण्यांवर थोडे थोडे पसरवले होते, असं आरोपपत्र म्हणतं. आपला दलाल मात्र एकाच गाण्यावर चार दिवसांत दहा हजार ओततो. सापडणारच.

यूट्यूबवरचा प्रकार जास्त चतुर आहे, कारण तिथे व्ह्यू कधीकधी खरे असतात. ‘एक लाख व्ह्यू’वाला तुमच्या व्हिडिओची गूगलवर जाहिरात लावतो, आणि जिथे जाहिरात सगळ्यात स्वस्त पडते त्या देशांत ती चालवतो. आकडा वाढतो, यूट्यूबचा कोणताही नियम मोडत नाही, आणि दलाल छातीठोकपणे सांगतो की व्ह्यू खरे आहेत. ते तो सांगत नाही की जाहिरातीतून मिळालेले पाहण्याचे तास कमाईच्या पात्रतेत धरले जात नाहीत. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी 1,000 सबस्क्राइबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास लागतात (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू). तिथे हे तास शून्य. सप्टेंबर 2019 पासून यूट्यूब आपल्या संगीत चार्टमध्येही जाहिरातीचे व्ह्यू धरत नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘ट्रॅफिक सोर्स’ उघडून ‘यूट्यूब अ‍ॅडव्हर्टायझिंग’ किती टक्के आहे ते बघितलं की एक लाखाचा फुगा फुटतो.

जाहिरात करूच नये असं नाही. पण ती स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने, महाराष्ट्र, गोवा किंवा परदेशातली मराठी वस्ती निवडून करावी. एजन्सी नेमली तर मेटा बिझनेस सूटमधून (फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती सांभाळायचं साधन) पार्टनर म्हणून मर्यादित परवानगी द्यावी, पासवर्ड कधीही नाही.

आता ‘म्युझिक कंपनी’. मराठीत सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, आणि फसलो हे कळायला वर्ष जातं. चॅनेलला दहा-वीस लाख सबस्क्राइबर. बोलणं असं: गाणं आमच्या चॅनेलवर टाका, प्रमोशनचे अमुक हजार द्या, नाव तुमचंच राहील. कलाकार पैसे देतो, वर गाणंही देतो. दोन पानी कागदावर ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात’ असं लिहिलेलं असतं. हो, विश्वात. महिन्याने गायक तेच गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकतो आणि कॉन्टेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेचा, क्लेम (हक्काचा दावा) येतो. स्वतःच्या आवाजावर. क्लेम लावणारी तीच कंपनी.

क्लेमपेक्षाही मोठा तोटा म्हणजे ते गाणं ऐकून जो माणूस ‘सबस्क्राइब’ दाबतो, तो चॅनेलचा होतो. गाण्याखाली ‘दादा, डोळ्यांत पाणी आलं’ लिहिणाऱ्या बाईंना पुढच्या गाण्याची खबर द्यायला गायकाकडे काहीच साधन नसतं. उद्या चॅनेल तिथे दुसऱ्याचं लग्नगीत टाकतो, आणि त्या बाई तेही ऐकतात.

सही करण्याआधी कायद्यातल्या तीन गोष्टी माहीत हव्यात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच वैध. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे त्या दोन जागा कोऱ्या राहिल्या तर कलाकाराचं बिघडत नाही. कंपनी त्या भरायला एवढी का धडपडते ते यावरून कळेल. दुसरं, 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा मानधनाचा वाटा ठरावीक अपवाद सोडता कोणाला लिहून देताच येत नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो. तिसरं, गायकालाही व्यावसायिक वापरावर मानधनाचा हक्क आहे. गीतकार-संगीतकाराने आयपीआरएसचं (त्यांचं मानधन वसूल करणारी संस्था) सभासदत्व घेऊन गाणी नोंदवली तर हा वाटा वसूल होण्याची वाट तरी मोकळी राहते. कंपनीशी करार करायचाच असेल तर हक्क न विकता ठरावीक मुदतीचा परवाना द्यावा, स्वतःच्या चॅनेलवर गाणं ठेवण्याची मुभा आणि चॅनेल क्लेममुक्त यादीत घालण्याची अट त्यात लिहून घ्यावी, आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत आपली लिंक टाकायला लावावी.

निळ्या टिकचं आमिष आणि ‘तुमच्या रीलवर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत खातं बंद होईल’ हा मेसेज, दोन्ही एकाच माळेचे मणी. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, खातं गेलं; सोबत कमावलेले सगळे चाहतेही गेले. इन्स्टाग्रामने खरोखर मेल पाठवला का, हे अकाउंट्स सेंटरमध्ये ‘पासवर्ड आणि सुरक्षा’खालच्या अलीकडच्या ईमेलच्या यादीत दिसतं. तिथे नसेल तर तो मेल खोटा. टू-फॅक्टर सुरू करावं, एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपने, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत.

कधी फसणारा कलाकार नसतो, त्याचा चाहता असतो. गायकाच्या फोटोनिशी दुसरं खातं उघडतात, खऱ्या पोस्टखाली प्रतिक्रिया देणाऱ्यांनाच गाठतात, ‘तुम्ही माझे खास चाहते, टेलिग्रामवर या’ म्हणतात आणि भेटीचे किंवा आजारपणाचे पैसे उकळतात. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी बनावट फॉलोअर विकणाऱ्यांचा तपास सुरू केला, त्याची सुरुवातही एका पार्श्वगायिकेच्या नावाने उघडलेल्या खोट्या प्रोफाइलच्या तक्रारीनेच झाली होती. आपली अधिकृत खाती कोणती आणि आपण खासगी मेसेजमध्ये पैसे मागत नाही, एवढं सांगणारी एक पोस्ट कायम पिन करून ठेवावी. छोट्या कलाकारांना हे उगाच मोठेपणा केल्यासारखं वाटतं, पण पाच हजार फॉलोअरवाल्यांच्याही नकला होतात.

दलालाला जाणारे पैसे कुठे लावावेत, हा रास्त प्रश्न. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं फुकट पाठवता येतं. प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी, म्हणून वितरकाकडे तीन-चार आठवडे अगोदर द्यावं. प्लेलिस्टवाल्यांपर्यंत जायचं तर सबमिटहबसारख्या ठिकाणी पैसे ऐकून मत देण्याचे असतात, जागेची हमी नसते. हाच फरक लक्षात ठेवायचा: जागेची हमी विकणं स्पॉटिफायच्या नियमांत बसत नाही, मग विकणारा कितीही गोड बोलो.

बाकी मेहनत स्वतःच्या यादीवर. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल सोयीचं, पण फॉलोअरचे नंबर तुम्हाला दिसत नाहीत, म्हणजे ती यादी तुमची नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. तरीही पहिल्या दोनशे पक्क्या श्रोत्यांसाठी ती उत्तम. कार्यक्रमात व्यासपीठाशेजारी क्यूआर कोड लावावा, त्यामागे नाव, गाव आणि ईमेल विचारणारा साधा फॉर्म, बदल्यात एखादं अप्रकाशित गाणं. गाव विचारायला विसरू नये, साताऱ्यात कार्यक्रम ठरला की कोणाला कळवायचं ते त्यावरूनच ठरतं. परदेशातल्या मराठी श्रोत्यांसाठी बँडकॅम्प बरं पडतं: डिजिटल विक्रीवर 15 टक्के कापतात आणि खरेदीदाराशी थेट संपर्क राहतो. तिथले पैसे पेपालने येतात, आणि पेपालने एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले आहेत, म्हणून इथल्या चाहत्यांसाठी यूपीआय वेगळं ठेवावं.

अडकलाच असाल तर आधी दलालाला लेखी कळवा की स्ट्रीम ताबडतोब थांबव, आणि सगळ्या गप्पांचे, पावत्यांचे, आलेखांचे स्क्रीनशॉट घ्या. दंडाची वाट न पाहता वितरकाला स्वतःहून मेल करा, त्यात संशयित प्लेलिस्टच्या लिंक, तारखा आणि शहरांचा तक्ता जोडा. स्पॉटिफायकडे अशा प्लेलिस्टची तक्रार करायला फॉर्म आहे, तोही भरा. पैसे गेले असतील तर 1930 वर फोन किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार. पहिल्या काही तासांत केली तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. गाणं उतरवलं गेलं आणि दुसऱ्या वितरकाकडून पुन्हा टाकायचं असेल, तर बनावट स्ट्रीमचा प्रश्न निकालात निघाल्याशिवाय टाकू नका, आणि टाकताना जुनाच आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) द्या, म्हणजे खरे स्ट्रीम त्यासोबत येतात.

यूट्यूबवर चुकीचा क्लेम आला तर 5 दिवसांच्या आत हरकत घ्यावी, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न राखून ठेवलं जातं. दावेदाराला उत्तराला 30 दिवस मिळतात, आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने क्लेम कायम ठेवला तर अपील करता येतं, तिथे त्याला 7 दिवसच असतात. मात्र अपिलानंतर तो व्हिडिओ काढायची मागणी करू शकतो, आणि ती मान्य झाली तर चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाचा ठपका) लागतो. म्हणून सही केलेला कागद एकदा वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय अपिलाचं बटण दाबू नये.