उमेदवारीचा अंदाज कुठे बांधावा, आयोवा की न्यू हॅम्पशर?
अमेरिकी अध्यक्षपदासाठी पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या इच्छुकांची पहिली परीक्षा वर्षानुवर्षे या दोन छोट्या राज्यांत (डेमोक्रॅटांची २०२० पर्यंत). आयोवाचा कॉकस, म्हणजे उमेदवार निवडायची पक्षाची स्थानिक सभा, बघण्यासारखा: भर थंडीत शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, डेमोक्रॅट तर २०२० पर्यंत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघड उभे राहायचे. हजर लोकांपैकी १५ टक्केही ज्या गटात नसत, त्यातल्यांची मग शेजारच्या गटांकडून ओढाओढ! न्यू हॅम्पशरला साधं गुप्त मतदान; पक्ष न नोंदवलेल्यांनाही कुठल्याही एका पक्षात मत टाकता येतं.

मजा आयोवात, पण रिपब्लिकनांचा अंदाज बांधायचा तर मी न्यू हॅम्पशरच बघेन. २००८, २०१२, २०१६ ला आयोवात जिंकले हकाबी, सँटोरम, क्रूझ. उमेदवारी मिळाली न्यू हॅम्पशर जिंकणाऱ्या मकेन, रॉम्नी, ट्रम्प यांना. डेमोक्रॅटांचं विचारूच नका. ओबामांना आयोवानेच वर काढलं, आणि २०२० मध्ये बायडन दोन्हीकडे आपटूनही अध्यक्ष झाले.