थेंब मोजणारं लेझर यंत्र: गोव्याच्या दमट हवेतला अनुभव

अख्खा पावसाळा या यंत्राबरोबर काढला, आता लिहायला हरकत नाही. निकाल आधीच सांगतो. तुमचे थेंब ५० ते २०० नॅनोमीटरचे असतील तर बिनधास्त घ्या. नारळाच्या दुधासाठी घेत असाल तर थांबा.

आमची लॅब वेर्ण्याला. औषध मुरवलेल्या तेलाचे पाण्यात बारीक थेंब करायचे, म्हणजे नॅनोइमल्शन, हे आमचं काम. यंत्राची पद्धत डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग. लॅबमध्ये सगळे डीएलएसच म्हणतात. क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक चौकोनी नळीत, मिलीलिटरभर सँपल, त्यावर ६३३ नॅनोमीटरचा लाल लेझर, आणि १७३ अंशांवर, म्हणजे जवळजवळ उलट परतणारा प्रकाश टिपायचा. पाण्याचे रेणू धक्के देतात, थेंब हलतात, प्रकाश लुकलुकतो. लहान थेंब चपळ, मोठा सुस्त. त्या लुकलुकीच्या वेगावरून स्टोक्स-आइन्स्टाइनच्या समीकरणाने व्यास निघतो. काही मिनिटांत आकडा हातात.

त्या समीकरणात तापमान आणि पाण्याचा दाटपणा (व्हिस्कॉसिटी) दोन्ही असतात, हे नवीन मुलं विसरतात. सँपल प्रत्यक्षात ३० अंशांवर आणि सॉफ्टवेअरमध्ये २५ टाकलेलं असेल, तर थेंब दहा-बारा टक्के लहान दिसतो. खोबरेल तेलाचं इमल्शन आम्ही मुद्दाम ३० वर मोजतो, कारण खोबरेल २४-२५ च्या आसपास गोठायला लागतं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. थंडीत सँपल कसं टिकतं ते बघायला १० अंशांवर मोजायला गेलं की क्युव्हेटच्या बाहेरच्या भिंतीवर दव धरतं. म्हणजे थेंब मोजायचं यंत्र आणि त्याला फसवायला बाहेरून आणखी थेंब! कोरड्या नायट्रोजनची बारीक धार सोडली की प्रश्न सुटतो, पण ती जोडणी सोबत येत नाही, वेगळी मागावी लागते. डीह्युमिडिफायर तर जूनपासून बंदच करत नाही.

धुळीचं वेड लागतं ते वेगळंच. इतक्या लहान आकारात विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. ५० नॅनोमीटरचा थेंब ५ नॅनोमीटरच्या थेंबापेक्षा १० लाख पट प्रकाश फेकतो. मग धुळीचे मोजके मोठे कणही थेंबांचा प्रकाश झाकून टाकतात. म्हणून पातळ करायचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या (म्हणजे २०० नॅनोमीटरच्या) फिल्टरमधून गाळायचं, आणि क्युव्हेट धरायची ती वरच्या कडेला. बोटाचा ठसा लेझरच्या वाटेत आला की झालं. सरासरी आकड्यावर खूश होण्याआधी मी कोरिलेशनचा आलेख बघतो, म्हणजे लुकलुकीचा नमुना वेळेबरोबर कसा बदलत जातो ते. शेपटाकडे उंचवटा दिसला तर सँपल परत. पीडीआय, म्हणजे थेंबांच्या आकारात किती फरक आहे ते सांगणारा आकडा, ०.२ च्या आत असेल तर थेंब बऱ्यापैकी एकसारखे; ०.७ च्या वर गेला तर तो आकडा रिपोर्टात घालू नये.

आता नारळाचं दूध. ओळखीच्या एकाने बाटलीबंद सोलकढी मोजायला आणली. तिच्यातले स्निग्धाचे थेंब काही मायक्रॉनचे; मोजता मोजताच वर तरंगतात. त्यात कोकमाच्या आगळाच्या आंबटपणाने प्रथिनं गोळा होऊन थेंबांचे पुंजके झालेले. प्रत्येक वेळी नवा आकडा! दोष यंत्राचा नाही, काम दुसऱ्या जातीचं आहे. तिथे लेझर डिफ्रॅक्शन हवं, ज्यात प्रकाश कोणत्या कोनात किती गेला त्यावरून आकार काढतात.

शिरेतून द्यायच्या स्निग्ध इमल्शनसाठी अमेरिकेच्या फार्माकोपियातही, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या नियमग्रंथातही (यूएसपी ७२९) हाच धडा दिसतो. सरासरी व्यास ५०० नॅनोमीटरच्या आत हवा, तो डीएलएसवर चालतो. पण ५ मायक्रॉनहून मोठ्या थेंबांमधलं स्निग्ध ०.०५ टक्क्याच्या आत आहे का, यासाठी वेगळी चाचणी लागते. ते मोजके मोठे थेंब डीएलएसला भरवशाने सापडत नाहीत, आणि रुग्णाच्या केशवाहिन्या तुंबवायचा धोका त्यांचाच.

तक्रार एकच, सर्व्हिसची. इंजिनिअर मुंबईहून येतो आणि ऐन पावसात तारीख मिळत नाही. करार करतानाच किती दिवसांत माणूस येईल ते लिहून घ्या, आणि १०० नॅनोमीटरच्या लॅटेक्स स्टँडर्डची (आकार आधीच ठाऊक असलेल्या कणांची) एक बाटली फ्रीजमध्ये ठेवा. ती बरोबर मोजली गेली, तर बहुतेक वेळा इंजिनिअरला बोलवायची गरजच पडत नाही.