न सापडलेला ग्रह आणि ९.४ चं उत्तर: विज्ञानाच्या तत्त्वज्ञानावरची सहा व्याख्यानं

व्याख्याते मंचावर आले आणि म्हणाले, "निरीक्षण करा. जे दिसेल ते लिहून काढा." मग दोन मिनिटं गप्प उभे राहिले. माझ्या वहीत त्या दिवशीचं पान असं आहे: 'पंख्याची कुरकुर. पुढच्या गृहस्थांच्या कॉलरचा सुटलेला दोरा. फळा नीट पुसलेला नाही.' तिथे पेन अडलं. कशाचं निरीक्षण करायचं हेच ठाऊक नसेल तर लिहिणार काय? मग त्यांनी सांगितलं, की ही कल्पना विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांची. व्हिएन्नात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे एका व्याख्यानाची सुरुवात त्यांनी अशीच केली होती. आधी प्रश्न, मग निरीक्षण. मी २८ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यातला निम्मा वेळ प्रयोगशाळेत गेला, आणि प्रत्येक जर्नलमध्ये 'निरीक्षण' हा रकाना सगळ्यांत वर असायचा. तो तिथे का असतो, असं मला कधीच कुणी विचारलं नव्हतं.

व्याख्यानं सहा, सगळ्यांसाठी खुली, प्रत्येकी दीड तास आणि शेवटी प्रश्नोत्तरं. सहाही ऐकली. सगळी सारखी उतरली नाहीत, पण दुसरं आणि तिसरं अशी होती की घरी येऊन मी रात्री उशिरापर्यंत टिपणं नीट लिहून काढली.

दुसऱ्या व्याख्यानात गोष्ट एकच होती, लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाची. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. न्यूटन चुकला म्हणायचं, की आपल्याला न दिसलेलं काहीतरी त्याला ओढतंय असं मानायचं? लव्हेरिएने दुसरी वाट धरली, अदृश्य ग्रहाची जागा कागदावर काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवलं. २३ सप्टेंबर १८४६ ला पत्र पोचलं आणि त्याच रात्री तिथले खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून सापडला, सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्याही आत. इथवर सगळ्यांना माहीत असतं. व्याख्याते मात्र थांबले नाहीत. बुधाच्या कक्षेतही असाच बारीक फरक होता. १८५९ मध्ये लव्हेरिएने तोच उपाय पुन्हा लावला, की सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार. आकाशनिरीक्षणाची हौस असलेल्या एका फ्रेंच डॉक्टरने तो ग्रह सूर्यबिंबावरून जाताना पाहिल्याचं कळवलं, ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं. पुढे कित्येक वर्षं लोक तो शोधत राहिले. तो नव्हताच. शतकाला ४३ विकलांचा तो फरक (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वसिद्धान्ताने सुटला.

माणूस तोच, युक्तिवाद तोच, चिकाटीही तीच. एकदा ग्रह मिळाला, एकदा नाही. मग व्याख्यात्यांनी विचारलं, "१८५९ मध्ये तुम्ही तिथे असता, तर लव्हेरिएला कोणत्या नियमाने थांबवलं असतं?" सभागृहातून तीन-चार उत्तरं आली. प्रत्येक उत्तर त्यांनी १८४६ ला लावून दाखवलं, आणि प्रत्येक वेळी नेपच्यूनही हातचा गेला. सिद्धान्त खोडून काढता आला पाहिजे ही पॉपर यांची कसोटी, आणि सिद्धान्त कधीच एकटा तपासला जात नाही, सोबतची सगळी गृहीतकं त्याच्याबरोबर तपासली जातात हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिअर दुएम यांचा मुद्दा, दोन्ही त्यानंतर दहा मिनिटांत समजले. व्याख्या आधी सांगितल्या असत्या तर मी त्या फक्त उतरवून घेतल्या असत्या.

तिसरं व्याख्यान २९ मे १९१९ च्या सूर्यग्रहणाचं. ताऱ्याचा प्रकाश सूर्याजवळून जाताना किती वाकतो? आइन्स्टाइनप्रमाणे १.७५ विकला, न्यूटनच्या हिशोबाने त्याच्या निम्मं. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर ढग आले, ताऱ्यांची छायाचित्रं घेतलेल्या कामाच्या दोनच काचा मिळाल्या, त्यांवरून १.६१. ब्राझीलमधल्या सोब्रालच्या लहान दुर्बिणीने १.९८ दिलं आणि तिथल्याच मोठ्या दुर्बिणीने ०.९३, म्हणजे जवळजवळ न्यूटनचं उत्तर. त्या मोठ्या दुर्बिणीच्या प्रतिमा धूसर होत्या, म्हणून ते आकडे बाजूला ठेवले गेले. हे योग्य होतं का? व्याख्यात्यांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि मगच सांगितलं, की १९७९ मध्ये त्याच काचा आधुनिक यंत्रावर पुन्हा मोजल्या तेव्हा मोठ्या दुर्बिणीचा आकडाही आइन्स्टाइनकडे सरकला.

हे ऐकताना माझ्यासमोर एक मुलगी उभी राहिली. साध्या लंबकाच्या प्रयोगात तिचं गुरुत्वत्वरणाचं उत्तर ९.४ आलं होतं. बाकी सगळ्यांचं ९.८, आणि त्यातल्या निम्म्यांनी उत्तरावरून वाचनं बसवलेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिचे दोन गुण कापले. प्रश्नोत्तरांत हे सगळं सांगितलं. व्याख्यात्यांनी विचारलं, "तिने लांबी कुठपर्यंत मोजली होती?" हेच मी तिला विचारलं नव्हतं. घरी हिशोब केला. ५० सेंटिमीटरच्या लंबकात लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न धरता दोऱ्याच्या टोकापर्यंतच धरली, हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून दोन सेंटिमीटर सुटले, तर उत्तर बरोबर ९.४ येतं.

चौथं व्याख्यान विज्ञानाचे इतिहासकार थॉमस कून यांच्यावर, ते घाईत उरकलं. पॅराडाइम (एखाद्या काळातल्या शास्त्रज्ञांची विचार करण्याची सामाईक चौकट) हा शब्द पंचवीस वेळा आला असेल, पण लव्हेरिएसारखं एकही उदाहरण शेवटपर्यंत नेलं नाही. पाचव्यात डॉक्टर सेमेलवाइस यांची गोष्ट नेहमीच्याच पद्धतीने आली. व्हिएन्नाचा प्रसूतिविभाग, १८४७, हात क्लोरीनच्या द्रावणाने धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींचे मृत्यू जूनमध्ये सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आले, तरी हेकट डॉक्टरांनी ऐकलं नाही. मला हे पटलं नाही. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा रुजायचा होता, आणि सेमेलवाइस यांनी स्वतःचं पुस्तक १८६१ पर्यंत छापलं नाही. विरोधकांपुढे नेमका कोणता पुरावा कोणत्या स्वरूपात होता, हे तिसऱ्या व्याख्यानाच्या तोडीने तपासायला हवं होतं. शेवटचं व्याख्यान, इलेक्ट्रॉन खरोखर असतात की ती फक्त सोयीची कल्पना आहे यावरचं, विषयाने सर्वांत अवघड आणि वेळेने सर्वांत तोकडं. पडद्यावर बारीक अक्षरांतली पानंच्या पानं, तीही आठव्या रांगेतून वाचता येत नव्हती.

आयोजकांना एक विनंती. प्रश्न विचारायला उभे राहून भाषण करणाऱ्यांना आवरा. पाचव्या दिवशी तिघांनी मिळून पाऊण तास घेतला आणि मागे हात वर केलेली कॉलेजची मुलं तशीच उठून गेली.

विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ही मालिका ऐकावी असं मला मनापासून वाटतं. सहा संध्याकाळ काढता येत नसतील तर दुसरं आणि तिसरं ऐका, त्याच क्रमाने. पुढे बसा, वही न्या, आणि पहिल्या दिवशी 'निरीक्षण करा' म्हटल्यावर खरंच लिहा. पुढची मालिका संभाव्यतेवर आहे असं जाहीर झालंय. मी नाव नोंदवलं आहे, आणि प्रयोगशाळेतल्या दोन जुन्या सहकाऱ्यांनाही घेऊन जाणार आहे.