एका शब्दकोश ॲपची कसोटी: ‘दुःख’

शब्दकोशाचे कोणतेही नवे ॲप हाती आले की मी आधी ‘दुःख’ शोधतो, कारण कोशकाराने किती कष्ट घेतले आहेत ते या एका शब्दावरून चटकन कळते.

या ॲपमधील नोंद समाधानकारक आहे. ‘सुख’मधला ‘सु’ म्हणजे चांगले, ‘दुःख’मधला ‘दुस्’ म्हणजे वाईट आणि ‘ख’ म्हणजे छिद्र, विशेषतः चाकाच्या तुंब्यातील (मधल्या गाभ्यातील) आस बसण्याचे भोक. ते नीट नसले तर गाडी धक्के खात चालते, ही प्रसिद्ध उपपत्ती येथे आहे. तिच्याबरोबरच हा शब्द ‘दुःस्थ’वरून (वाईट स्थितीत असलेला) आला असावा, हे दुसरे मतही तितक्याच ठळकपणे दिले आहे, हे मला विशेष आवडले; बहुतेक ठिकाणी चाकाची गोष्टच सिद्धान्त म्हणून सांगतात. पाली ‘दुक्ख’ आणि बौद्ध धर्मातील चार आर्यसत्यांपैकी पहिले, म्हणजे दुःखाचे सत्य यांचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला आहे.

खरी उणीव मराठी संसाराची. ‘दुखणे’, ‘दुखापत’, ‘दुखणेकरी’ या शब्दांत वेदना शरीराची आहे आणि ‘दुखवटा’ या शब्दात मनाची. पण ॲप या शब्दांना मूळ नोंदीशी जोडतच नाही.

शोधयंत्रणेने तर वैताग आणला. विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला गेला (दिसायला दोन्ही टिंबेच!), तर उत्तर येते, ‘शब्द सापडला नाही’. एवढी दुरुस्ती झाली, तर हे ॲप मी रोज वापरीन.