पिनांवरच्या रेघा दिसत होत्या, तरी 15,700 रुपये मोजले

आधीच सांगतो, 16 टीबीची पोर्टेबल एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) 1,999 रुपयांत घेणाऱ्यांपैकी मी नाही. त्या डब्यात काय असतं ते मला माहीत आहे: यूएसबीची पट्टी, बारकं मेमरी कार्ड आणि खोटी क्षमता सांगणारं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम. एचटूटेस्टडब्ल्यू हे खरी क्षमता तपासणारं सॉफ्टवेअर चालवून चार जणांना मीच ते उघडं पाडून दाखवलंय. म्हणून तर नवी म्हणून वापरलेली हार्ड डिस्क गळ्यात मारून घेतली, हे लिहिताना जास्त लाज वाटते.

परभणीत लग्नाचं शूटिंग साठवायला 4 टीबीच्या दोन हार्ड डिस्क हव्या होत्या. विंडोज आणि एडिटिंग एसएसडीवर, साठा हार्ड डिस्कवर, हा हिशोब अजूनही बरोबरच आहे. तेवढ्या जागेची एसएसडी परवडत नाही आणि साठ्याला तो वेग लागतही नाही. चूक निवडीत नव्हती.

संभाजीनगरातल्या एका दुकानाने व्हॉट्सअॅपवर भाव दिला, नगाला 7,850. इकडे पक्क्या बिलासह 9,400 सांगत होते. दुकानात गेल्यावर बिल मागितलं तर म्हणे, "बिलाच्या नादी कशाला लागलाव सर? वरून 18 टक्के जातेत." 15,700 वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 2,826. म्हणजे पक्कं बिल घेतलं असतं तर 18,526, आणि परभणीत 18,800. फरक 274 रुपयांचा! हे गणित मी घरी येऊन केलं. तिथे फक्त 2,826 वाचल्याचा आनंद होता. 10,000 यूपीआयने दिले, 5,700 रोख.

त्याने माझ्यासमोर डिस्क जोडून तिची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडलं. निळा 'गुड', पॉवर ऑन अवर्स, म्हणजे चाललेले तास, 4. मीच मागणी केली होती, त्याने हसत पूर्ण केली. तेव्हाच शंका यायला हवी होती. चार तास चाललेल्या डिस्कच्या साटा जोडणीवर (केबल लागते तिथे) सोनेरी पट्ट्या जवळजवळ कोऱ्या असतात. कारखान्यात तपासताना केबल लागते, त्याची एखादी बारीक रेघ पडते, बस. इथे प्रत्येक पट्टीवर तीन-चार खोल रेघा होत्या. मी अंगठा फिरवला. स्क्रूच्या भोकांची काळी कडा उडालेली होती, म्हणजे डिस्क कुठल्यातरी ट्रेमध्ये बसून आलेली. लेबलवर बनवल्याची तारीख ऑगस्ट 2021, आणि मी उभा नोव्हेंबर 2025 मध्ये. विचारलं तर उत्तर आलं, "शिलकी माल आहे, पडून होता." पडून राहिलेल्या मालाच्या पिना कशा घासतात, हे विचारायला तोंड उघडलं नाही. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती आणि परतीची गाडी गाठायची होती. ही सबब आहे, मला कळतं.

19 व्या दिवशी कॉपी करताना डिस्क अडायला लागली. क्रिस्टलडिस्कइन्फोत पिवळं 'कॉशन', सी5 (वाचायला अडलेले सेक्टर) समोर 30. हा आकडा षोडशमान (16 च्या पायाच्या) पद्धतीतला असतो, म्हणजे 48 सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, वाचता येईनात. 05 (आधी बदललेले खराब सेक्टर) मात्र शून्य, कारण जुन्या नोंदी पुसलेल्या. हे स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींचे, आकडे डिस्कच्या फर्मवेअरमध्ये असतात आणि सर्व्हिस टर्मिनल लावून ते शून्य करता येतात. सीगेटच्या एक्सॉस, आयर्नवुल्फसारख्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरची 7.4 किंवा पुढची आवृत्ती घ्या आणि त्यातल्या स्मार्टसीटीएलला फार्म लॉग मागा. माझ्या एका डिस्कचे तास निघाले 31,412, दुसरीचे 29,876. साडेतीन वर्षं अहोरात्र फिरलेला माल! 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत हाच प्रकार गाजला होता, तिथल्या डिस्क चिया या क्रिप्टोच्या खाणकामातून आल्याचा संशय होता. मी वाचलं होतं ते.

सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर उत्तर आलं की डिस्क मोठ्या सिस्टीमसोबत विकलेली, वॉरंटीसाठी मूळ विक्रेत्याकडे जा. हे मोबाइलवर दोन मिनिटांचं काम. पैसे देण्याआधी करा, दुकानातच.

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी विषय, ग्राहक मंचात जा." दुसऱ्या टेबलावर "सायबरचं आहे का?" दुकानात जाऊन घेतलं म्हटल्यावर "मग आमच्याकडे नाही." एका कार्यालयात अर्ज बघायच्या आधीच हात पुढे: बिल दाखवा. बिलच दिलं नाही, हीच तर तक्रार आहे, म्हटलं. "बिल घेऊन या." 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून लिहिलेली आहे. तिथे खुर्चीवर बसणाऱ्याला ते मी सांगायचं? साहेब दौऱ्यावर, मग साहेब रजेवर, मग अर्ज दोन प्रतींत. दुकानदार म्हणतो डिस्क माझी नाहीच. तीन खेपांत 1,980 गेले. 17,680 झाले, डिस्क कचरा.

बिल घ्याच आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, नुसतं '4 टीबी हार्ड डिस्क' चालत नाही. महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो, 15 अंकी-अक्षरी. नवी डिस्क आली की साठा टाकण्याआधी ती पूर्ण लिहून पूर्ण वाचा. 4 टीबीला लिहायलाच सात-आठ तास, वाचायला तेवढेच. आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही, यूपीएसशिवाय बसू नका. क्विक फॉरमॅटला तपासणी म्हणू नका. आणि एसएसडीच्या बाबतीत टोटल होस्ट राइट्स (आजवर किती लिहिलं गेलं) बघा, पण तोही आकडाच आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. 5 लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही. हे मला कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही. यूपीआयची पावती, व्हॉट्सअॅपवरचा भाव, फार्मचे दोन्ही लॉग जोडलेत. सगळ्यात वर पिनांचा फोटो. रेघा मोबाइलच्या फोटोतही स्वच्छ दिसतात.