लसूणघासाची 12 पाकिटं मागवली, दोन हंगामांचा अनुभव

चारा पिकांच्या एका जीनबँकेतनं (जिथं वाणांचं बी जपून ठेवतात) लसूणघासाची 12 ॲक्सेशन, म्हणजे स्वतंत्र नंबर दिलेले बियाण्याचे नमुने, मागवली होती, दोन हंगाम लावून झाले. बियाणं उत्तम. पाकिटं सीलबंद, प्रत्येकावर नंबर आणि बी वाढवल्याचं साल, सोबतच्या कागदावर लिहिलेलं की बीचं कवच कडक असतं, बारीक सॅण्डपेपरवर हलकं घासून मग पेरा. तसंच केलं, उगवण एकदम एकसारखी आली.

पण मी मागवलं ते पेडिग्रीसाठी, म्हणजे वंशावळीसाठी. लसूणघासात पेडिग्री म्हणजे नुसती आई आणि बाप नसते, मधमाशी या झाडाचा पराग त्या झाडावर नेते, त्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण 32, म्हणजे एकाच पाकिटातलं प्रत्येक बी दुसऱ्यापेक्षा वेगळं, आणि वाण तयार होतो तोच अनेक झाडं एकत्र करून. म्हणून कुठल्या मूळ स्रोताचा किती वाटा आहे, लडाक किती, तुर्किस्तान किती, फ्लेमिश किती, हे लिहिलेलं असलं तरच कामाचं. यांनी 9 पाकिटांना ते दिलंय, मनापासून आवडलं. दोनांचा रकाना मात्र रिकामाच आहे.

उरलेल्या एकावर लिहिलं होतं शुद्ध जांभळ्या फुलाची जात. 40 झाडांत 6 झाडांना हिरवट-पिवळे चट्टे असलेली फुलं आली, शेंगाही पूर्ण वेटोळ्या न होता अर्धवट वळलेल्या! पिवळ्या फुलाच्या फल्काटाची (लसूणघासाची जवळची नातलग) शेंग विळ्यासारखी असते, म्हणजे तिचं रक्त कुठंतरी आलंय हे नक्की. हे वाईट आहे असं नाही, 1857 मध्ये वेंडेलिन ग्रिमनं जर्मनीहून मिनेसोटात नेलेलं बी तिथल्या थंडीत टिकलं त्यामागंही हीच मिसळण धरतात, पण नोंद तशी हवी ना.

दुसरी तक्रार, दोन पाकिटांना दोन वेगळे नंबर, दोन वेगळी नावं, आणि शेतात बघावं तर सगळं सारखंच. ईमेल केला तर चार दिवसांत उत्तर आलं की एकच मूळ बी दोन वाटांनी त्यांच्याकडे आलं होतं, आणि यादीत तशी टीपही घातली. अशी सर्व्हिस मला तरी दुसरीकडे मिळालेली नाही.

सगळ्यात खटकलं ते म्हणजे बी वाढवताना किती झाडं घेतली हा आकडाच कुठं नाही. अहो, 15 झाडांवरनं बी धरलं आणि 100 झाडांवरनं धरलं यात केवढा फरक पडतो, कमी झाडं घेतली की क्वचित दिसणारे जीन्स दर वेळी थोडेथोडे गळतात, बाहेरनं नंबर तोच राहतो आणि आतली विविधता आटत जाते. हे लिहाच, प्लीज.

पाचपैकी चार स्टार. मागवणार असाल तर एका झाडाचा डीएनए काढून अख्ख्या ॲक्सेशनबद्दल ठरवू नका, निदान 20-30 झाडं तरी घ्या. ती चट्टेवाली 6 झाडं मी जाळीत वेगळी ठेवलीत, फोटो आणि नोंदी त्यांना पाठवल्यात.