घरोघरी इमर्जन्सी किट की सोसायटीचा एकच कॉमन साठा?

एकाने विचारलंय, की बजेट दोन्हीपैकी एकाच गोष्टीपुरतं आहे तर प्रत्येक घरात किट ठेवायचं की सगळ्यांचा मिळून एक साठा करायचा. दुकानातल्या ‘रेडी किट’च्या जाहिराती सोडून द्या, अर्ध्या वस्तू घरात असतातच.

खर्चात कॉमन साठा सरळ जिंकतो. स्ट्रेचर, जाड दोर, जनरेटर, पहार हे काय प्रत्येक घरात घेणार?

पण वेळेवर हाताशी काय येतं? भूकंप रात्री झाला, जिना अडला, किंवा पुराचं पाणी तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्येच शिरलं तर तो साठा असून नसल्यासारखा, आणि चावी ज्याच्याकडे तो नेमका गावाला गेलेला! घरातली बॅग मात्र उचलली की निघालो. पिण्या-स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज 3-4 लिटर तरी लागतं, 3 दिवसांचं धरा, आणि रोजच्या गोळ्या तर ज्याच्या त्यालाच माहीत, त्या कॉमन ठेवून उपयोग नाही.

देखभालीत दोन्हीकडे बोंब. घरातल्या टॉर्चमध्ये सेल गळून खराब झालेले असतात, आणि कॉमन साठ्याचं म्हणजे सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. तिथे दोन नावं ठरवा, चाव्याही दोघांकडे, साठा वरच्या मजल्यावर.

लहान मुलं, रोजची औषधं असलेलं घर असेल तर आधी स्वतःचं किट. जिथे बरेच म्हातारे एकटे राहतात किंवा किट परवडत नाही तिथे कॉमन साठा, पण त्यांच्या दारापर्यंत सामान कोण पोचवणार हे आधीच ठरवून.